पहिला भाग उभ्यानं

आमची घरमालकीण कुठल्याही नव्या मालिकेचा पहिला भाग उभ्यानं बघायची. टीव्हीसमोर वेताची चांगली खुर्ची होती, खुर्चीत उशी होती, पण नवी मालिका सुरू झाली की ती खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहायची. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. गुडघे तिचेही दुखायचे, ते काही लोखंडाचे नव्हते. पण मालिकेनं बसवल्याशिवाय बसायचं नाही, हा तिचा नेम होता.

मालिका पटली तर ती खुर्चीला वळसा घालून पुढं यायची आणि उशी नीट करून बसायची. कधी पहिल्या ब्रेकला, कधी भाग संपत आल्यावर. नाही पटली तर शेवटपर्यंत उभी.

"आपा, बसा की. पाय भरून येतील," कडूबाई म्हणायची. कडूबाई माझ्या शेजारच्या खोलीतली. तिला जाहिरात बघूनसुद्धा रडू येतं.

"कायकू बसू? अजून दाखवलं काय त्यांनी?" आपा म्हणायची.

तिला सगळे आपाच म्हणत. उस्मानपुऱ्यात तिचं आवार होतं. पुढं तिचं पक्कं घर, मागं पत्र्याच्या खोल्या, त्यातली एक माझी. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची, मुलगी हैदराबादला. मी देवगाव रंगारी गावची, म्हणून मला ती देवगाववाली म्हणायची. इतकी वर्षं राहिले, पण माझं नाव तिला ठाऊक होतं का, याची मला शंका आहे.

उभं राहण्याचं कारण तिनं एकदा सांगितलं होतं. तिच्या नवऱ्याचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं. "दुकानदार आधी गिऱ्हाइकाला गादीवर बसवतो," ती म्हणाली. "मग चहा सांगतो. मग तागा उलगडतो. बसलेला माणूस, चहा प्यालेला माणूस उठून जायला लाजतो. हौ ना? मी मालकाची बायको, मेरेकू सब मालूम. म्हणून मी कुणाच्या दुकानात बसत नाय. आधी माल दाखव. हे टीव्हीवाले तरी काय करतात? पहिल्या दिवशी गाणं, दागिने, लग्नाचा मांडव. सगळा चहाच आहे. माल किधर है?"

तिच्यामुळं आमच्यातही एक रीत पडली. रोज सातला तिच्याकडं जमणाऱ्या आम्ही बायका आधीपासूनच चटईवर बसायचो, पण बघता बघता जिला पटलं नाही, ती उठायची आणि आपाच्या शेजारी जाऊन उभी राहायची. बोलायची गरज नसायची. आमच्या आवारात उठून उभं राहणं म्हणजे नाही.

ब्रेक लागला की ती टीव्हीचा आवाज बंद करायची आणि एकेकीला विचारायची. "छान" म्हणायला बंदी होती. एकदा मी म्हणाले, "बरी वाटली."

"बरी वाटली म्हणजे? ताप उतरला का तुझा?"

तेव्हापासून मी नीट बघायला लागले. बघितलं की दिसतंच. घरात चौदा माणसं आणि दोरीवर एक कपडा वाळत नाही. सून पहाटे सडा घालते आणि साडीचा काठ ओला होत नाही. आपाला असं सांगितलेलं आवडायचं. "हां, अब बोली देवगाववाली," म्हणायची.

ती काही साधुसंत नव्हती. भांडखोर होती. पाण्याच्या मोटारीवरून तिचं माझं एवढं वाजलं की महिनाभर बोलणं बंद होतं. पण सात वाजले की मी जाऊन चटईवर बसायचे, आणि तीही दार उघडं ठेवायची. ब्रेकला ती भिंतीला विचारायची, "मागच्या खोलीतल्या बाईला कसं वाटलं?" मी भिंतीला सांगायचे. महिना असाच गेला, कुणाचं काही अडलं नाही.

मग तिच्या घरी डबा आला.

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस आला. घरात कोण राहतं, काय वापरतं, टीव्ही कुठला, असं बरंच विचारून गेला, आणि पुढच्या वेळी येऊन त्यानं टीव्हीला एक छोटा डबा जोडून दिला. सोबत बटणांचा रिमोट. एक बटण आपाचं, बाकीची पाहुण्यांची. कोण काय बघतं ते त्या डब्यातून वर कळतं, आणि त्यावरून कुठली मालिका पुढं चालवायची, कुठली बंद करायची ते ठरतं, असं त्यानं सांगितलं. कुणालाही सांगू नका, असंही बजावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं. कडूबाई त्या डब्याला हळदकुंकूच लावायची बाकी होती.

"आता कळेल त्यांना," आपा म्हणाली. सबंध आयुष्यात कुणी तिला काही विचारलं नव्हतं, आता सरळ विचारायला माणूस घरी आला होता. तिनं ते काम फार मनावर घेतलं.

काही महिन्यांनी तो माणूस परत आला. डबा हलवून बघितला, वायर काढून परत लावली, डोकं खाजवलं.

"आपा, तुमचा टीव्ही रोज चालू असतो. पण बघणारं कुणीच नसतं."

"म्हणजे?"

"बटण दाबलेलं नसतं ना. डब्याच्या हिशेबानं टीव्ही रिकाम्या घरात चालतोय."

कडूबाईनं छातीवर हात ठेवला. "अगं बया! मग आपण कोण?"

"आम्ही बघत होतो," आपा म्हणाली. "पण आम्हाला पटत नव्हतं. पटल्याशिवाय बटण कसं दाबायचं?"

सांगायचं म्हणजे, आपा खुर्चीत बसली तरच बटण दाबत होती. उभी असेपर्यंत तिनं त्या रिमोटला हात लावला नव्हता, आणि आम्हालाही लावू दिला नव्हता. त्या महिन्यांत एकही मालिका तिला बसवू शकली नव्हती.

तो माणूस हसला नाही, हे त्याचं चांगलं. "पटायचा प्रश्न नाही आपा. समोर आहात ना? मग दाबायचं."

"उभी असले तरी?"

"उभ्या, बसलेल्या, कशाही."

"शिव्या घालत बघितलं तर?"

"तरी बघितलंच की."

"आणि बघून डोकं आपटलं तर?"

"तेसुद्धा बघणंच झालं."

"म्हणजे मी गाली देते आणि तुझा डबा वर सांगतो, आपाला लई आवडलं."

"आवडलं सांगत नाही. बघितलं सांगतो."

"वरचे लोक काय समजतात?"

तो परत वायर चाचपायला लागला.

"बहिरा डबा आणलास तू," आपा म्हणाली. "मग ह्याला नाही कसं म्हणायचं, ते सांग."

"नाही म्हणायचं असेल तर टीव्ही बंद करायचा. दुसरं काय?"

हे तिला जड गेलं. चालू भाग मध्येच बंद करणं तिच्या नियमात बसत नव्हतं. उलगडलेला तागा शेवटपर्यंत बघायचा, दुकानदाराची मेहनत असते, असं ती म्हणायची. त्या दिवसापासून ती तोंड वाकडं करून प्रामाणिकपणे बटण दाबायला लागली. आणि मनासारखी एक मालिका तिला त्यानंतर मिळालीही.

ती मालिका एका खानावळवालीची होती. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेली बाई डबे करून देते, मग खानावळ टाकते. त्यात कपडे दोरीवर वाळत असायचे. तिच्या बोटांना कांद्याचा वास येतो असं ती एकदा म्हणाली, आणि आपा पहिल्याच ब्रेकला खुर्चीत बसली. आम्ही एकमेकींकडं बघितलं. असं आधी झालं नव्हतं.

याच दिवसांत शोभा माझ्याकडं आली. शोभा माझ्या भावाची मुलगी, गंगापूरला दिलेली. नवरा मारायचा. शेवटी भाकरी करपली म्हणून त्यानं तवा फेकला, तो तिच्या खांद्याला लागला. ती पिशवी घेऊन एसटीनं माझ्या दारात आली. मी पिशवी खुंटीला लावली. किती दिवस राहणार, असं विचारलं नाही.

शोभा कुणाशी फार बोलायची नाही. पण सात वाजता आपाकडं यायची आणि खानावळवालीकडं टक लावून बघायची. ब्रेकला आपानं विचारलं, की तिच्याकडं सांगायला काहीतरी असायचं. तेवढंच ती दिवसभरात बोलायची.

खानावळवाली मोठी झाली आणि मालिका थांबली. मग जाहिरात आली, दुसरं पर्व येतंय. जाहिरातीत ती हिरवी साडी नेसून सासरच्या उंबऱ्याबाहेर उभी होती, डोळ्यांत पाणी. कडूबाईच्या मुलीनं मोबाईलवर दाखवलं, लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं. निम्मे रडत होते, निम्मे शिव्या घालत होते. बघणार मात्र सगळेच होते.

"नवं पर्व म्हणजे नवं दुकान," आपा म्हणाली. "पाटी जुनी असली म्हणून काय झालं? मी उभीच राहणार."

पहिला भाग ज्या दिवशी होता, त्याच दिवशी दुपारून शोभाची सासू आणि माझा भाऊ गंगापूरहून जीपनं आले. शोभाला न्यायला. नवरा आला नव्हता, त्याला काम होतं म्हणे. माझा भाऊ गरीब स्वभावाचा. तो सारखा घड्याळाकडं बघत होता.

"आता पुरे झालं," सासू मला म्हणाली. "सगळ्याच घरात भांडी वाजतात. लोक विचारतात, सून कुठंय, काय सांगू मी?"

"खरं सांगा," मी म्हणाले.

तिनं विषय बदलला. ती मालिका तीही बघत होती. "आज सातला बघू आणि मग निघू. जाहिरातीत बघितलं ना शोभे? एवढी मोठी खानावळवाली, पण शेवटी आलीच की घरी."

त्या खानावळवालीनं शोभाला घर सोडायला सांगितलं नव्हतं, हे मला माहीत आहे. तव्यानं सांगितलं होतं. पण घर सोडल्यावर पुढं काय, हे तिला त्या एकाच बाईनं दाखवलं होतं, आणि आता तीच परत निघाली होती.

सातला आपाची बैठक भरली. सासूला पाहुणी म्हणून पुढं बसवलं. माझा भाऊ दाराशी. आपानं आपलं बटण दाबलं, पाहुण्यांची दाबली आणि खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.

"बसा ना तुम्ही," सासू म्हणाली. "खुर्ची तर रिकामीच आहे."

"बसते की," आपा म्हणाली. "बसवलं तर."

भाग तासाभराचा होता. गाणं झालं, दागिने झाले. नवरा आजारी असल्याचं खानावळवालीला कळलं. तिनं गल्ल्याच्या किल्ल्या कुणाच्या तरी हातात दिल्या आणि निघाली. दोन ब्रेक झाले. आपानं त्या दिवशी आवाज बंद केला नाही आणि कुणाला काही विचारलंही नाही. मग तो उंबरा आला. नवरा दारात आला. पांढरा स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. बासरी वाजायला लागली. खानावळवाली खाली वाकली आणि म्हणाली, माझंच चुकलं.

कडूबाई हुंदके देत होती. सासूनं पदरानं डोळे टिपले आणि वळून शोभाला म्हणाली, "बघितलंस? त्यात कमीपणा नसतो."

शोभा माझ्याकडं झुकली. "आत्या," ती हळू म्हणाली, "माझी पिशवी खुंटीलाच आहे ना?"

हे आपानं ऐकलं. तिनं खुर्चीवरून हात पुढं केला, टीव्हीचा रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

बासरी मध्येच तुटली. आपाला चालू भाग बंद करताना आमच्यापैकी कुणीही बघितलं नव्हतं.

"अहो बाई, लाईट गेली का?" सासू म्हणाली.

"लाईट आहे. मी बंद केला."

"का म्हणून? आत्ता तर चांगलं चाललं होतं!"

"काय चांगलं चाललं होतं?" आपा म्हणाली. "तासभर बघते मी. तिनं खानावळ सोडली, किल्ल्या सोडल्या, पाया पडली, चुकलं म्हणाली. त्यानं काय केलं? दारात आला. शर्ट चांगला घातला, बस. मारणार नाय असं एकदा तरी म्हणाला का? मी कान देऊन ऐकत होते. नाय म्हणाला."

"ती मालिका आहे बाई. मालिकेत काय एवढं मनाला लावून घ्यायचं?"

"मग तुम्ही हिला कायकू दाखवत होतात?"

सासूचा चेहरा लाल झाला. "हा आमच्या घरचा मामला आहे. तुमची रीत वेगळी, आमची वेगळी. तुम्ही मध्ये पडू नका."

"रीत कुणाचीबी असू द्या. खांदा सारखाच सुजतो," आपा म्हणाली. "आणि मालिकेतला नवरा दारापर्यंत तरी आला. तुमचा पोरगा तर गंगापूरच्या पुढं आला नाय. माल आणला नाय आणि गिऱ्हाइकाला बसवता?"

शोभा तेवढ्यात उठली.

सासूला वाटलं, काम झालं. "बघा, पोर शहाणी आहे," ती म्हणाली. "चल बाई, पिशवी घे. जीप मिळेल अजून."

शोभा दाराकडं गेली नाही. चटई ओलांडून ती खुर्चीच्या मागं गेली आणि आपाच्या शेजारी उभी राहिली. हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

सासू बघत राहिली. "हे काय? इकडं ये की."

कडूबाई नाक पुसत उठली आणि तिकडं गेली. मग मी उठले. माझे गुडघे एवढे वाजले की माझ्या भावानं मान वर करून बघितलं. चटईवर शेवटी सासू एकटीच राहिली, बंद टीव्हीसमोर.

"अहो, ह्या सगळ्या उठल्या कशाला?" तिनं माझ्या भावाला विचारलं.

त्याला काय माहीत? पण एवढं बघून तोही समजला असावा. "दादा, जीप निघून जाईल," मी म्हणाले. "विहीणबाईंना घेऊन जा."

तो शोभाकडं बघत राहिला. काहीतरी बोलेल असं मला वाटलं. "माझ्या चपला कुठं आहेत?" तो म्हणाला, आणि त्या शोधून निघाला. सासू जाताना बरंच बोलली. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं चॅनलनं मोठ्या अक्षरांत जाहिरात केली, दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग सगळ्यांत जास्त लोकांनी बघितला. शिव्या घालणाऱ्यांनीही बघितला होता, तेही त्यातच. कडूबाईनं राहिलेला भाग मोबाईलवर बघितला, मला माहीत आहे, भिंत पातळ होती. मालिका जोरात चालली. काही दिवसांनी तो माणूस येऊन डबा काढून घेऊन गेला. दर काही काळानं घरं बदलतात, असं तो म्हणाला. आपाचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"एका घरानं बंद करून काय होतंय आपा?" कडूबाईनं एकदा विचारलंच.

"सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं," आपा म्हणाली. "माझ्या घरानं नाय बघितलं." महाराष्ट्रच चुकलाय, असा तिचा थाट होता. पुढं ती हे येईल त्याला सांगायची, दूधवाल्यालासुद्धा.

शोभाची काही खानावळ वगैरे झाली नाही. एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जाते. लग्नसराई नसली की घरी बसते. हात दुखतात म्हणते. रडत नाही.

आपा मागच्या हिवाळ्यात गेली. दोन दिवस ताप, आणि गेली. मुलीनं आवार विकायला काढलं, आम्हाला खोल्या सोडाव्या लागल्या. निघताना तिनं विचारलं, अम्मीची आठवण म्हणून काय हवंय? मी वेताची खुर्ची मागितली. टीव्ही कोण घेणार, तो जुनाट होता. शोभा आणि मी आता गारखेड्याला राहतो.

तिथं मागच्या महिन्यात शोभाचा नवरा आला. या वेळी स्वतः आला. शर्ट नवा होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. हातात पेढ्यांचा पुडा. मी त्याला स्टूल दिलं. तो बसला, पुडा मांडीवर ठेवला आणि शोभाकडं बघितलं.

"बस ना. बसून बोलू," तो म्हणाला.

"बोला," शोभा म्हणाली. "ऐकतेय मी."

तो बोलला. आईचं वय झालं म्हणाला. घरात करणारं कुणी नाही म्हणाला. लोक काय काय बोलतात म्हणाला. झालं गेलं विसरून जा, असंही म्हणाला. तव्याबद्दल काही म्हणाला नाही. मी चहा ठेवला नाही.

वेताची खुर्ची दोघांच्या मध्ये होती, रिकामी. शोभा तिच्या मागं उभी होती, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. त्याचं सगळं बोलून झालं, तरी हात तिथंच होते.